धानाच्या हंगामात दुचाकीची चाके: मळ काढायला कोणता द्रावक सुरक्षित?

भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत दुचाकी हे शेतीचेच अवजार असते. युरियाची बोरी, पऱ्ह्यांच्या जुड्या, फवारणीचा पंप, मजुरांचा डबा, सगळे तिच्यावरूनच बांधीपर्यंत जाते. चिखलणीच्या चिखलातून आणि पांदण रस्त्यावरून महिना-दीड महिना गाडी फिरली की चाकांवर चिखल, चेनचे काळे तेल, डांबर आणि खताची पूड यांचा घट्ट थर बसतो. हा थर नुसत्या पाण्याने निघत नाही असे दिसले की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: टाकीतून थोडे पेट्रोल काढायचे आणि चिंधीने चाक पुसायचे.

पूर्वी या कामाला रेशनचे रॉकेल असायचे. आता ते सहसा घरात नसते आणि त्याची जागा पेट्रोलने घेतली आहे. मात्र पेट्रोल आणि रॉकेल यांच्या धोक्यात मोठा फरक आहे. शिवाय चाकावरच्या बहुतेक मळाला द्रावकाची गरजच नसते. कोणता मळ कशाने काढावा, कोणता द्रावक कशासाठी टाळावा आणि काम सुरक्षित कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

आधी मळ ओळखा

तेलकट मळ तेलात विरघळतो, मातीचा मळ पाण्यात सुटतो. त्यामुळे चाकावर काय बसले आहे हे पाहिल्याशिवाय द्रावक निवडू नये.

- चिखल: कन्हार जमिनीची काळी माती चिकट असते आणि वाळली की दगडासारखी होते. बर्डी जमिनीत बारीक खडे असतात. दोन्हींना पाणी आणि वेळ पुरेसा आहे. पेट्रोल किंवा रॉकेल मातीवर काहीच काम करत नाही.
- खताची पूड: युरिया, डीएपी, पोटॅश ही खते पाण्यात विरघळतात. ते ओलाव्यासह स्पोक, निपल आणि रिमवर राहिले तर गंज लवकर चढतो. यांनाही साधे पाणीच लागते, पण ते वेळेवर लागते.
- चेनचे तेल: मागच्या चाकाच्या रिमवर आणि स्पोकवर काळे, चिकट शिंतोडे दिसतात. हे तेल, धूळ आणि धातूची पूड यांचे मिश्रण असते. इथे साबण किंवा द्रावक लागतो.
- डांबर: नवीन रस्त्यावरून गेल्यावर रिमवर काळे टणक ठिपके बसतात. ते पाण्याने किंवा साबणाने सुटत नाहीत. इथे तेलकट द्रावक लागतो, पण तो चमचाभर पुरतो.
- ब्रेकची धूळ: करड्या-तपकिरी रंगाची ही बारीक पूड डिस्क ब्रेकच्या चाकावर जास्त दिसते. साबणाच्या पाण्याने ती निघते.
- तणस आणि दोरी: धानाचे तणस, बोरीची सुतळी किंवा प्लास्टिकचा दोरा हबजवळ अॅक्सलभोवती गुंडाळला जातो. तो हाताने किंवा आकड्याने काढावा. काढला नाही तर आतल्या सीलला इजा होते.

म्हणजे सहापैकी द्रावकाचा प्रश्न येतो तो फक्त दोन ठिकाणी: चेनचे तेल आणि डांबर.

पेट्रोल का वापरू नये

प्रत्येक ज्वलनशील द्रवाचे एक तापमान असते, ज्याच्या वर त्याची वाफ ठिणगी मिळताच पेट घेते. पेट्रोलसाठी हे तापमान शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे भंडाऱ्यात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा उघड्या डब्यातले पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडत असते. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार २३ अंशांच्या खाली अशी वाफ सोडणारे द्रव सर्वांत धोकादायक 'अ' वर्गात येतात. पेट्रोल त्याच वर्गात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खोलगट जागेत साचते आणि वाऱ्याच्या दिशेने सरकत जाते. अंगणात गाडी पुसत असाल आणि काही पावलांवर चूल पेटलेली असेल, तर वाफ चुलीपर्यंत जाऊन तिथे पेटते आणि ज्वाळ उलट डब्याकडे येते. बिडी, गाडीची गरम सायलेन्सर नळी, बॅटरीच्या वायरची ठिणगी, मोटरपंपाचे बटण, यांपैकी काहीही पुरेसे आहे. बंद पडवीत किंवा गोठ्यात हे काम केले तर धोका आणखी वाढतो.

तिसरे कारण शरीराशी संबंधित आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. बीएस-६ मानकात त्याची मर्यादा १ टक्का आहे, पण बेंझिन माणसात कर्करोग घडवते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे. उघड्या हाताने पेट्रोलची चिंधी धरली की ते कातडीतून आणि श्वासातूनही आत जाते. कातडीचे नैसर्गिक तेल धुतले जाऊन ती कोरडी पडते व तडकते. चिखलणीने आधीच सोललेल्या हातांना ते जास्त झोंबते.

चौथे, पेट्रोल टायरचे रबर आणि हबमधले तेल-सील फुगवते व खराब करते. रंग आणि स्टिकर निघतो तो वेगळाच.

रॉकेल आणि डिझेल: कमी धोका, पण उन्हाळ्यात सावध

रॉकेल आणि डिझेल 'ब' वर्गात मोडतात. भारतीय मानकानुसार त्यांची वाफ पेट घेण्याचे तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. त्यामुळे पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात सावलीत त्यांची हाताळणी पेट्रोलपेक्षा बरीच सुरक्षित आहे.

पण उन्हाळी धानाच्या कापणीचे दिवस आठवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा धातू त्याहून तापतो. अशा वेळी रॉकेल आणि डिझेलही पेट घेण्याच्या तापमानाच्या वर असू शकतात. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत आणि थंड गाडीवरच करावे.

चेन साफ करायला रॉकेल चालते असे काही गाड्यांच्या पुस्तिकेत दिलेले असते, काहींत फक्त सौम्य साबण किंवा चेनसाठीचे क्लीनर सांगितलेले असते. चेनच्या कड्यांमध्ये रबरी ओ-रिंग असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे. गाडीसोबत आलेली पुस्तिका एकदा पाहून घ्या.

डिझेल मात्र चाकासाठी योग्य नाही. ते लवकर वाळत नाही आणि तेलकट थर मागे ठेवते. त्यावर धूळ अधिक चिकटते, टायरचे रबर मऊ होते आणि ब्रेकवर गेले तर ब्रेक लागत नाही. वॉशिंग सेंटरवर गाडी चमकावी म्हणून डिझेलचा फवारा मारण्याची पद्धत आहे. तिथे गाडी दिली तर चाकांवर आणि ब्रेकवर डिझेल मारू नका, असे आधीच सांगावे.

थिनर, अॅसिड, सोडा आणि राख

रंगाचे थिनर: ते डांबर लगेच काढते, पण रिमचा रंग आणि अलॉय चाकावरचा पारदर्शक थरही काढते. प्लास्टिकच्या भागांना तडे जातात. वाफ डोक्यात भिनते आणि आगीचा धोका पेट्रोलसारखाच असतो. चाकासाठी वापरू नये.

संडास साफ करण्याचे अॅसिड: यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गंज निघतो म्हणून ते स्पोकवर ओतले जाते. गंजासोबत जस्ताचा मुलामा आणि क्रोमही निघतो, मग चाक पूर्वीपेक्षा लवकर गंजते. अॅल्युमिनियमच्या अलॉय चाकावर डाग पडतात. असे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

कॉस्टिक सोडा आणि धुण्याचा सोडा: दोन्ही अॅल्युमिनियम खातात. कॉस्टिक सोड्याने कातडी आणि डोळे भाजतात.

राख: भंडाऱ्यात पितळेची भांडी राखेने घासण्याची सवय जुनी आहे. तोच हात अलॉय चाकावर चालवू नये. धानाच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. ती वाळूसारखी घासते आणि पारदर्शक थरावर ओरखडे पाडते. त्या ओरखड्यांतच पुढे मळ अडकतो.

कमी धोक्याचे पर्याय

खालील क्रमाने जावे. आधीच्या पर्यायाने काम झाले तर पुढचा वापरू नये.

१. साधे पाणी: चिखल व खतासाठी.

२. भांडी घासण्याचा द्रव साबण किंवा गाडीचा शाम्पू: अर्ध्या बादली पाण्यात एक-दोन चमचे. ब्रेकची धूळ आणि चेनचे ताजे शिंतोडे याने निघतात. कपड्यांची पावडर जास्त क्षारयुक्त असते. तीच वापरावी लागली तर कमी घ्या आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा.

३. खाण्याचे तेल: डांबराच्या ठिपक्यांवर हे चांगले काम करते. कापडाला थोडे तेल लावून ठिपक्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवा. डांबर मऊ झाले की पुसा आणि साबणाने धुवा. भुईमूग, सोयाबीन, पाम कोणतेही जुने तेल चालते. जवसाचे तेल मात्र वापरू नका. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते आणि त्याने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

४. पाण्यात मिसळणारे डिग्रीझर: ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळते. जुन्या, घट्ट तेलकट थरासाठी वापरावे. डब्यावर ज्वाळेचे चिन्ह असेल तर ते ज्वलनशील आहे. हात किंवा धातूवर थेंब पडतानाचे चिन्ह असेल तर ते दाहक आहे, अलॉय चाकावर नको. दोन्ही चिन्हे नसलेले आणि अॅल्युमिनियमवर चालते असे लिहिलेले घ्यावे.

५. रॉकेल: वरच्या कशानेच न निघणाऱ्या चेनच्या जुन्या तेलासाठी. ते चाकावर ओतू नये. वाटीत थोडे घेऊन कापड भिजवावे, पुसावे आणि लगेच साबणाने धुवावे.

स्प्रेच्या डब्यात मिळणारे चेन क्लीनर सोयीचे असते, पण त्यातला द्रव आणि वायू दोन्ही बहुधा ज्वलनशील असतात. ब्रेक क्लीनरच्या काही स्प्रेत क्लोरीनयुक्त द्रावक असतो. त्याची वाफ वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी वायूत बदलते. वेल्डिंग करायच्या भागावर किंवा वेल्डिंग चालू असलेल्या जागी तो मारू नये.

चाक धुण्याची पद्धत

१. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. चावी काढून खिशात ठेवा.

२. सपाट, मोकळ्या जागी मुख्य स्टँडवर उभी करा. चूल, गॅस, बिडी आणि लहान मुले दूर असावीत.

३. वाळलेल्या चिखलावर पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे थांबा. कोरडा चिखल खरवडू नका, त्यातले खडे रंगावर ओरखडे काढतात.

४. कमी दाबाच्या पाण्याने वरून खाली धुवा. जोरदार फवारा हबच्या सीलवर मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

५. गुंडाळलेले तणस आणि दोऱ्या काढा.

६. साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून रिम, स्पोक आणि निपल घासा.

७. उरलेल्या तेलकट किंवा डांबराच्या डागांवरच द्रावक लावा. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला. फवारणीचे हातमोजे या कामाला आणि या कामाचे फवारणीला वापरू नका.

८. चाक हातानेच फिरवा. इंजिन सुरू करून, गिअर टाकून फिरत्या चेनवर कापड धरण्याची सवय अनेकांना आहे. कापड चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये ओढले जाते आणि बोटे तुटतात.

९. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरड्या कापडाने पुसा आणि चेन वाळल्यावर तेल लावा. जास्तीचे तेल पुसून घ्या, नाहीतर तेच पुन्हा रिमवर उडेल.

१०. रस्त्यावर जाण्यापूर्वी अगदी हळू चालवून दोन्ही ब्रेक हलके दाबून पाहा. ड्रममध्ये पाणी गेले असेल तर ते वाळेपर्यंत ब्रेक नीट लागत नाही.

ब्रेक आणि टायरबाबत विशेष काळजी

टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, डिस्कवर आणि ब्रेक शूवर कोणतेही तेल, रॉकेल, डिझेल किंवा पॉलिश लागता कामा नये. धुऱ्यावरून किंवा ओल्या डांबरी रस्त्यावर असे चाक घसरते. शू किंवा पॅड तेलाने भिजले असेल तर ते बदलावे. पेट्रोल टाकून ते जाळण्याचा प्रकार करू नये. त्याने शू पूर्ववत होत नाही.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायम राहतात. ती धूळ ओल्या कापडाने पुसावी.

फवारणीचे औषध सांडले असेल तर

पंप मागे बांधून नेताना झाकणातून औषध गळते आणि मागच्या चाकावर येते. अशा वेळी पेट्रोल, रॉकेल, थिनर काहीही लावू नका. द्रावकामुळे औषध कातडीतून आत जाण्याचा वेग वाढतो. हातमोजे घालून आधी भरपूर साबण-पाण्याने चाक, सीट आणि फूटरेस्ट धुवा. त्यानंतरच इतर मळ काढा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

धुण्याचे पाणी कुठे जाते?

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या धानाला पाणी देतात, जनावरे तिथेच पाणी पितात आणि ढिवर बांधवांची मासेमारीही त्यांवरच चालते. गाडी तलावात उतरवून किंवा पाळीवर उभी करून धुणे सोपे वाटते. पण तेलाचा पातळ तवंग पाण्यावर लांबवर पसरतो आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळण्यात अडथळा आणतो. साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणून गाडी तलाव, बोडी, विहीर आणि हातपंपापासून दूर, मातीच्या मोकळ्या जागी धुवावी.

वापरलेले रॉकेल जमिनीवर ओतू नका. झाकणाच्या डब्यात ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे नितळ रॉकेल पुन्हा वापरता येते. द्रावकाच्या चिंध्या ढीग करून ठेवू नका आणि चुलीत टाकू नका. त्या उघड्यावर, आगीपासून दूर, एकेक पसरून वाळवाव्यात.

साठवण आणि प्रथमोपचार

रॉकेल, पेट्रोल किंवा डिग्रीझर कधीही पाण्याच्या वा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. लहान मूल पाणी समजून पिते. औषधाच्या रिकाम्या डब्यातही ठेवू नका. घट्ट झाकणाचा, नाव लिहिलेला डबा मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर, स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

- गिळले असेल तर: उलटी करायला लावू नका, दूध किंवा मीठ-पाणी पाजू नका. उलटी होताना द्रव फुप्फुसात जातो आणि तेच जास्त घातक असते. खोकला नसला तरी लगेच दवाखान्यात न्या. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. डबा सोबत न्या.
- डोळ्यांत गेले तर: वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.
- कपड्यांवर सांडले तर: आगीजवळ जाण्याआधी कपडे बदला, कातडी साबणाने धुवा.
- आग लागली तर: पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नका, माती किंवा वाळू टाका. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी २० मिनिटे सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

- चिखल आणि खत: पाणी. ब्रेकची धूळ आणि ताजे तेल: साबण. डांबर: खाण्याचे तेल. जुना तेलकट थर: पाण्यात मिसळणारे डिग्रीझर, आणि अगदीच नाही निघाला तर कापडावर थोडे रॉकेल.
- पेट्रोल, थिनर, अॅसिड आणि कॉस्टिक सोडा चाकासाठी वापरायचे नाहीत.
- टायर आणि ब्रेकवर तेलकट काहीही नको.
- रोवणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी दोन बादल्या साध्या पाण्याने चाके धुतली तर थर बसतच नाही आणि द्रावकाची वेळ हंगामातून एखाद्या वेळीच येते.